मधे तोंड घालायचं न्हाई

बीदरच्या मैलूर भागात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी माझा पगार, जात, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. दारातच उभं करून डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला.

"दोघंजणं बोलायली की मधे तोंड घालतीस का गं?"

"छे हो, मी कशाला..."

"घालतीस," त्या म्हणाल्या. "माझं अजून पुरं बी झालं नव्हतं." आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

खरं सांगायचं तर दोष माझ्या एकटीचा नव्हता. आम्ही औरादचे. आमच्या घरात शेतातून आलेला, बाजारातून आलेला आणि नुसताच बसून असलेला, असे सगळे एकाच वेळी बोलतात आणि शेवटी ज्याचा आवाज उरेल त्याचं खरं धरतात. त्यात घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू. म्हणजे तोंड घालायला भाषाही तीन. बीदरच्या एका खाजगी लॅबमध्ये मला रक्त तपासायची नोकरी लागली होती. रक्त काही बोलत नाही. त्यामुळे दिवसभराचं साठलेलं घेऊन मी संध्याकाळी घरी यायची आणि अक्कांसमोर ओतायची.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. सगळं मैलूर त्यांना अक्काच म्हणे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीवर वेल चढला होता आणि तो बाजूला करायची कुणाला गरज वाटली नाही.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. माहेर मेंढरांमागं हिंडणारं. वडील कळप घेऊन रानोमाळ, आई लोकर कातणारी. त्या घरातली ही मुलगी दहावी झाली, एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसली आणि निवृत्त होईपर्यंत उठली नाही. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते घर, पेन्शन आणि ऑपरेटरच्या सवयी.

आता परगावी फोन लावणं म्हणजे काहीच नाही, पण त्या काळी ऑपरेटर लाईन जोडून देई आणि तीन मिनिटं झाली की मधे येऊन विचारी, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" दोन माणसांच्या बोलण्यात तेवढंच एक वाक्य टाकायची तिला मुभा. ते वाक्य अक्कांच्या हाडीमाशी खिळलं होतं. समोरच्यानं रडगाणं सुरू केलं की त्या मान न हलवता ऐकून घेत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत आणि म्हणत, "तीन मिन्टं झाली. वाढवू का?" बहुतेक लोक ओशाळून "नको, झालं" म्हणत. ज्याचं दुखणं खरं असे तो म्हणे, "वाढवा." मग अक्का चहा टाकत.

दुसरी सवय 'होल्ड'ची. बीदरवरून हवाईदलाची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात. विमान डोक्यावर आलं की अक्का बोट वर करत, "होल्ड!" म्हणत, आणि समोर कोणीही असो, त्यानं आवाज विरेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं. विमान गेलं की तुटलेल्या शब्दाच्या पुढच्या अक्षरापासून बोलणं चालू. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना त्यांनी मंत्राच्या मध्यावर होल्डवर ठेवलं होतं. भटजीही बिचारे पळी हातात धरून थांबले.

पण या तऱ्हा वरवरच्या. अक्कांची खरी तऱ्हा म्हणजे पान.

घरात त्या पान खात नसत. जेवणावरही नाही, सणालाही नाही. बिदरी नक्षीची एक काळी डबी होती, ती फडताळात पडलेली असे. कुणा बाईच्या कामाला त्या निघाल्या की मात्र ती डबी आधी पिशवीत जाई.

या बाया कोण, ते सांगायला हवं. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालं होतं आणि तिथं औराद रस्त्यावरच्या एका तांड्यावरून लमाणी बाया मजुरीला येत. दुपारी भाकरी खायला सावली शोधत त्या अक्कांच्या ओट्याला टेकल्या. अक्कांनी उठवलं तर नाहीच, नळ बाहेरच्या अंगाला काढून दिला. बांधकाम संपलं, बाया दुसरीकडं कामाला लागल्या, पण दुपारची भाकरी याच ओट्यावर सोडत राहिल्या. जेवायच्या सुट्टीत मीही लॅबमधून येऊन त्यांच्यात बसे. आपसात त्या गोरबोलीत बोलत, आमच्याशी तोडक्यामोडक्या मराठीत, आणि ऑफिसात जिथं कन्नड चाले तिथं काहीच बोलत नसत. तिथं पदर तोंडाला लावून भिंतीला उभ्या राहत आणि सोबत आलेला गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, किंवा दीर त्यांच्या वतीनं काय वाटेल ते सांगे.

अक्का या बायांबरोबर जात. रिक्षात शेजारी बसत, रांगेत उभ्या राहत, अगदी खिडकीपर्यंत पोचवत. आणि खिडकीतला माणूस "काय पाहिजे?" म्हणून मान वर करायच्या नेमक्या वेळी डबी उघडून, आधीच चुना-कात लावून ठेवलेलं जाडजूड पान गालात सारत. झालं. आता अक्कांकडून "उं" पलीकडं काही निघणं शक्य नाही. खिडकीतला माणूस अक्कांकडं बघे, अक्का त्या बाईकडं बघत, आणि बाईला पळायला वाट नसे. लोक मिठाची गुळणी धरतात, अक्का पानाची धरत.

हे मला पहिल्यांदा कळलं ते दवाखान्यात. कमळाबाई म्हणून त्यांच्यातली एक होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण, आणि आवाज इतका बारीक की आपण वाकून ऐकावं. घमेली उचलून उचलून तिचा खांदा धरला होता. मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी अक्कांना विचारलं, "काय होतंय हिला?" अक्कांच्या गालात पान. मला राहवेना. मी एका दमात कन्नडमध्ये सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. परतताना रिक्षात अक्कांनी विचारलं, "कोणता खांदा दुखायलाय म्हून सांगितलीस?"

"उजवा."

"कमळे, कोणता?"

"डावा," कमळाबाई म्हणाली, तेही मलाच वाईट वाटू नये अशा बेतानं.

अक्का रागावल्या नाहीत. बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "जिचं दुखणं, तिचं तोंड. आपुन लाईन जोडून द्यायची. मधे तोंड घालायचं न्हाई."

मी वाद घातला, घालणारच. म्हटलं, "अक्का, तुम्हाला चार भाषा येतात. तुम्ही दोन वाक्यं बोललात तर त्या बाईचं काम चुटकीसरशी होईल."

"व्हईल की. एकदा व्हईल. दुसऱ्या खेपेला माझा गुडघा धरला असला म्हंजे? मी मेल्यावर? तवा काय माझा फोटू घेऊन जावं का तिनं?"

त्यांची रीत चालत होती, हे मी पाहत होते. पहिल्या खेपेला बाई नुसती उभी राही. दुसऱ्या खेपेला स्वतःचं नाव सांगे. तिसऱ्या खेपेला "माझं काम आधी, हा मानूस मागनं आलाय" इथपर्यंत मजल जाई. मैलूरचे काही लोक म्हणत, म्हातारी बायकांना घेऊन जाते आणि स्वतः रवंथ करत बसते. अक्कांच्या कानावर ते गेलं. "करते की रवंथ," त्या म्हणाल्या, "दूध तिकडं निघायलंय ना?"

अशात कमळाबाईची मुलगी पूजा बारावी झाली आणि तिला बीदरला नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला. तांड्यावरून शहरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी. दिसायला आईसारखी बारीक, पण नकला करण्यात पटाईत. ती ओट्यावर आली की अक्कांची 'होल्ड' म्हणायची ढब अक्कांसमोरच करून दाखवी आणि अक्का मुकाट्यानं बघत.

अडचण एकच होती, बसची. अक्का म्हणाल्या होत्या, इथंच राहू दे तिला. पण कमळाबाईची सासू अंथरुणाला खिळलेली. कमळाबाई पहाटे गुत्तेदाराच्या टेम्पोनं कामाला निघे, नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला महाराष्ट्रात जाई. म्हातारीचं रोजचं उठणं-बसणं पूजाकडंच. तिला रोज घरून येणं भाग होतं. टेम्पोत सगळा बाप्यांचा भरणा, त्यात पोरीला बसवायची आईची तयारी नव्हती. उरली औरादहून बीदरला येणारी सरकारी लाल बस. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून काही ड्रायव्हर असे निघाले होते, की फाट्यावर बायकांचा घोळका दिसला की त्यांची गाडी आणखीच जोरात पळे. या तांड्याच्या फाट्यावर तर ती मुळीच थांबत नसे.

पहिल्या दिवशी मात्र थांबली. ती कशी थांबली हे पूजानं त्या दुपारी ओट्यावर सांगितलं, आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसलो.

लमाणी लग्नात नवरी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणतात. म्हणजे रडणंच, पण गाण्यातलं. नवरी आईच्या, मावशीच्या, मैत्रिणीच्या, एकेकीच्या गळ्यात पडून तिला सूर लावून आळवते, आणि तीही उलट आळवते. तर, लेक घराबाहेर पडायली म्हणून तांड्यातल्या म्हाताऱ्या फाट्यावर जमल्या आणि निरोपाची जी रीत त्यांना ठाऊक होती ती त्यांनी केली. पूजाला मधे घेतलं आणि ढावलो सुरू केला. नेमकी तेवढ्यात बस आली. रस्त्याच्या कडेला इतक्या बाया गळ्यात गळे घालून आक्रोश करताहेत म्हटल्यावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर हात जोडूनच खाली उतरला. "काय झालं, माय? कोण गेलं?"

म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, पूजाला वर चढवलं आणि घरची वाट धरली.

"एका काकानं मला खिडकीची जागा दिली," पूजा सांगत होती. "दुसरा म्हणला, रडू नको बाई, देवाच्या मनात असतंय ते व्हतंय. मी कशाला बोलू? मी मान खाली घालून बसले. बीदर येईपर्यंत मला हसू आवरंना, आन् त्यांना वाटायलं पोरीला हुंदका आवरंना."

दुसऱ्या दिवशी पूजा एकटी उभी राहिली, बस निघून गेली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं शहाणपणा केला. बस दिसताच तिनं पूजाचा गळा धरला आणि सूर लावला. बस थांबली. मग काय, तांड्याला चावीच सापडली. रोज सकाळी दोघी-तिघी म्हाताऱ्या पाळीपाळीनं फाट्यावर येऊ लागल्या. बस दिसली की ढावलो, पूजा चढली की बंद. एकीला म्हणे इतकी सवय झाली, की ती सूर न तोडता एका हातानं बसला हात करी.

आम्हाला हे सांगताना त्या बाया खूश असत. अक्का पहिल्या दिवशी हसल्या, नंतर हसेनाशा झाल्या. एक दिवस म्हणाल्या, "रडून थांबवलेली गाडी हाय ती. रडू वळखीचं झालं की सुटंल."

कुणी ऐकलं नाही. मला वाटलं, अक्कांचं आपलं काहीतरी. काम होतंय ना?

पण ड्रायव्हर-कंडक्टर काय आळीपाळीनं तेच ते. पावसाळा सरता सरता त्यांना सगळं उमगलं. एका सकाळी कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "तुमच्या तांड्यात रोज कोण मरायलंय गं बायांनो?" आणि शिट्टी मारून बस पुढं नेली. त्यानंतर म्हाताऱ्यांनी ऊर फुटेस्तोवर ढावलो म्हटला तरी बस थांबेना. पूजा कधी दुधाच्या गाडीवर, कधी कुणाच्या मोटरसायकलच्या मागं, कधी येतच नसे. कॉलेजनं बजावलं की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. आणि घरी तिच्या बापानं निर्णय सांगून टाकला. ऊसतोडीला जोडी लागते, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. कमळाबाई म्हातारीपायी जात नसल्यानं तो दरवर्षी कुणाबरोबर तरी जुळवून घेई. यंदा पोरगी घरी बसलीच आहे, तर तिला घेऊन जाईन, कोयता पुरा होईल. दिवाळी तोंडावर आली होती.

कमळाबाईनं हे ओट्यावर सांगितलं. भाकरी तशीच पुढ्यात. बारीक आवाजात बोलता बोलता ती रडायला लागली. मला पूजाच्या बापाचा, कंडक्टरचा, सगळ्यांचा राग आला होता, आणि मी तोंड उघडणार तोच अक्कांनी माझ्याकडं बघितलं. अक्का ऐकत राहिल्या. मग घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "कमळे, तीन मिन्टं झाली. वाढवू का?"

मला हे त्या वेळी फार कठोर वाटलं. पण कमळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई अक्का. बास झालं. कुठं जाऊन बोलायचं, तेवढं सांगा."

अक्का उठल्या आणि फडताळातून डबी काढली.

डेपोत आम्ही गेलो ती चांगली वरात होती. तांड्यातल्या म्हाताऱ्या आरशांच्या घागऱ्यात, मजुरीवरच्या बाया सिमेंटच्या हातांनी, पूजा कॉलेजच्या ड्रेसमध्ये, पिशवी घेतलेल्या अक्का आणि मी. डेपोचे साहेब तरुण होते, शर्ट पांढराशुभ्र. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, अक्कांचे पांढरे केस बघितले आणि त्यांनाच विचारलं, "एन्‌ बेकम्मा?" काय पाहिजे अम्मा?

अक्कांचा गाल फुगलेला होता. साहेबांची नजर माझ्याकडं वळली. मी तर तयारीनंच आले होते. रात्रभर मनात कन्नड वाक्यं जुळवली होती, त्यात 'महिला सबलीकरण' सुद्धा होतं. मी घसा साफ करून तोंड उघडलं, आणि अक्कांनी दुसरं पान काढून सरळ माझ्या तोंडात कोंबलं.

त्या दिवशी त्यांनी दोन लावून आणली होती.

मी कधी पान खाल्लं नव्हतं. सुपारी कच्ची होती. कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पांढऱ्या शर्टाचे साहेब मला दोन दोन दिसायला लागले. आता बोलणारं कोणीच उरलं नाही. त्या शांततेला घाबरून एका म्हातारीनं पूजाचा गळा धरला आणि हळूच सूर लावला.

"काकी, नको," कमळाबाई म्हणाली. तिनं म्हातारीचा हात सोडवला आणि टेबलापाशी गेली. तोंडावरचा पदर खाली घेतला.

"साहेब, आमी तांड्याच्या बाया. आमच्या फाट्यावर गाडी थांबत न्हाई. रडलं की थांबायची. बोललं की थांबत न्हाई. म्हून आज आमी रडायला न्हाई आलाव. बोलायला आलाव."

आवाज बारीकच होता, पण शेवटपर्यंत गेला.

साहेबांना मराठी समजत होतं, बोलता येत नसावं. ते दखनीत म्हणाले, "वहाँ स्टॉपीच नै है अम्मा. गाडी रुकेगी कैसे?"

"स्टॉप न्हाई, तर आमी रडल्यावर कुठून यायचा?"

साहेबांना हसू फुटलं. ते दाबत त्यांनी खुर्ची पुढं ओढली. कमळाबाई हसली नाही. "माझी पोरगी नर्स व्हायलीय. गाडी न्हाई मिळाली तर दिवाळीनंतर ऊस तोडंल. मला जास्ती बोलायला येत न्हाई, साहेब. तुमी एकदा या. आमच्यासंगं फाट्यावर उभं ऱ्हावा. मग काय सांगायचं ते सांगा."

बाहेर आल्यावर अक्कांनी कोपऱ्यात जाऊन तोंड मोकळं केलं. कमळाबाईला शाबासकी वगैरे काही नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कसं लागलं पान?"

मला अजून बोलता येत नव्हतं. "आसं पाहिजे," अक्का म्हणाल्या.

साहेब येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण ते आले. एका सकाळी आपली मोटरसायकल तांड्यात लावून फाट्यावर बायांच्या घोळक्यात येऊन उभे राहिले. कमळाबाईनं त्या दिवशी कामाचा खाडा केला होता. बस दिसली. साहेबांनी हात वर केला. ड्रायव्हरला दिसला तो लांबून घागऱ्यांचा घोळका. त्यात साहेब कुठून दिसणार? बस साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर धुरळा उडवून भर्रकन निघून गेली. पूजा सांगते, साहेब हात वर तसाच धरून किती तरी वेळ बसच्या मागच्या काचेकडं बघत होते. मग त्यांनी शर्ट झटकला आणि पूजाला स्वतःच्या गाडीवर बीदरला पोचवलं.

दिवाळीच्या आधी फाट्यावर खांब रोवला गेला. त्यावर कन्नडमध्ये थांब्याचं नाव, तांड्याचं नाव. पूजाच्या बापानं तो खांब येता-जाता दिवाळीपर्यंत बघितला, आणि सण होताच दरवर्षीसारखा कुणाबरोबर तरी कोयता जुळवून, पूजाला न घेता, ऊसतोडीला गेला. जाताना याच खांबापाशी बस पकडली म्हणे, आणि थांबली म्हणून खूश होता.

अक्कांनी मात्र तांड्यावर एक कायदा लावून दिला. फाट्यावर ढावलो बंद. घरात म्हणा, लग्नात म्हणा, पण खांबापाशी कुणी रडायचं नाही. "हितं गाडी आपल्या हक्कानं थांबायलीय," त्या म्हणाल्या. "रडलाव तर त्यांना वाटंल, अजून दया मागायलेत." म्हाताऱ्यांना हे पटलं नाही, पण पाळलं सगळ्यांनी. बघता बघता पूजाच्या मागून तांड्यातल्या आणखी पोरी त्या खांबापाशी उभ्या राहू लागल्या, हसत, खिदळत, बस आली तरी बोलणं न संपवता.

आता मी कलबुर्गीला असते. पूजाही इथंच एका दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी येते आणि अक्कांची नक्कल करते. तिला ही नोकरी लागली तेव्हाचा तिच्या निघण्याचा दिवस सांगितल्याशिवाय मला अक्कांचं चित्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

अक्का आणि मी सकाळच्या पहिल्या बसनं बीदरहून फाट्यावर आलो. सगळा तांडा जमला होता. पूजाच्या पायाशी नवी बॅग. सगळ्यांचे ओठ मिटलेले, कारण कायदा. बाया अक्कांकडं बघत होत्या. अक्कांच्या गालात पान होतं. इथं ना खिडकी, ना साहेब. पान लावलं होतं ते या खेपेला स्वतःचं तोंड बंद ठेवायला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि फुगलेल्या गालावरून ओघळत होतं.

औरादची बस आली, खांबापाशी आपसूक थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "चढा, चढा." कुणी हललं नाही. त्यानं अक्कांकडं बघितलं, मग मला विचारलं, "काय झालं हो या आज्जीला?"

मला चांगलं ठाऊक होतं काय झालं ते. अगदी जिभेवर आलं होतं, तिन्ही भाषांत.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या खांबाच्या मागं गेल्या, पान थुंकून टाकलं, पूजाच्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली आणि बसच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, गाडी बंद कर. मला रडायचंय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. म्हाताऱ्या कधीच्या वाट बघत होत्या. सूर उठला. पूजा एकेकीच्या गळ्यात पडत पुढं सरकत होती, आजीच्या वयाच्या बायांपासून कालपरवा कॉलेजला जाऊ लागलेल्या पोरींपर्यंत, आणि आईच्या गळ्यातून सुटून शेवटी अक्कांपाशी आली. ती काय आळवत होती ते मला कळलं नाही. नंतर कमळाबाईला विचारलं, तर म्हणाली, याडीला म्हणत्यात तेच. याडी म्हणजे आई. अक्कांना उलट आळवता येत नव्हतं. त्या नुसत्याच रडत होत्या, बेसूर, मोठ्यानं, तोंड उघडून. वरून विमान गेलं तेव्हा त्यांनी बोटसुद्धा वर केलं नाही. मीही रडत होते. बसच्या खिडक्यांतून लोक बघत होते आणि कोण गेलं असं कुणीच विचारलं नाही.

कंडक्टरनं घड्याळ बघितलं. कमळाबाईच्या ते लक्षात आलं. तिनं डोळे पुसले आणि अक्कांच्या पाठीवर हात ठेवला.

"अक्का, तीन मिन्टं झाली."

पूजाच्या खांद्यावरचं डोकं न उचलता अक्का म्हणाल्या, "वाढव."